फरशीतले चार बोल्ट

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, दातांच्या दवाखान्याची जागा आणि राहायला फ्लॅट, दोन्ही याच आठवड्यात ठरवून टाकते. दलाल एकच आहे आणि करारही सारखेच दिसतायत." त्या 'सारखेच'नं मला रात्रभर झोप लागली नाही. फोनवर मुद्दे सुटतात, म्हणून लिहायला बसले.

ते करार सारखे नसतात गं. राहत्या घराच्या करारात आपल्याला हवी असते ती वेळ आली तर सहज निघून जायची सोय. धंद्याच्या जागेत उलट. तिथे आपल्याला कुणी उठवू नये, हे आधी बघायचं. घर बदललं तर सामान हलतं. दवाखाना हलला तर पेशंट हलतातच असं नाही.

आमच्या बाइंडिंगच्या दुकानाचं काय झालं ते तुला अर्धवटच माहीत आहे, तू तेव्हा पहिलीत होतीस. करार तीन वर्षांचा होता. "पुढे वाढवून देईन की," असं मालक तोंडी म्हणाले होते, आणि तेव्हा ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. पण दुसऱ्या वर्षी त्यांनी जागा विकली. नव्या मालकानं कागद पाहिला, कागदावर तीनच वर्षं होती. बाबांनी कटिंग मशीन चार बोल्ट मारून फरशीत पक्कं बसवलं होतं. ते उचललं तेव्हा खाली चार भोकं आणि प्रत्येकाभोवती तेलाचं काळं वर्तुळ. नव्या मालकाचा माणूस गुडघ्यावर बसला, एकेका भोकात पेन घालून खोली बघितली आणि वहीत लिहून घेतली. करारात एक ओळ होती, 'जागा मूळ स्थितीत परत करावी.' आम्ही ती वाचली होती. चार बोल्ट त्या ओळीत बसतात हे डोक्यात आलं नव्हतं. सगळी फरशी बदलायचा खर्च अनामतीतून गेला. तो गेला ते एक वेळ सोड. पण पुढचं वर्षभर लोक फायलींचे गठ्ठे घेऊन जुन्या दारात जात राहिले, आणि त्यातले कितीतरी आमच्याकडे परत आलेच नाहीत. बाबा त्यानंतर बरेच दिवस गप्प असायचे.

तुझी पेशंटला बसवायची खुर्चीही फरशीत बोल्टनंच बसणार आहे. तिच्यासाठी पाणी, हवा, ड्रेनेज आणि वीज, सगळं जमिनीखालून खोलीच्या मधोमध आणावं लागणार. म्हणजे एक तर फरशी फोडायची किंवा वर चौथरा बांधायचा. हे करायला मालकाची लेखी परवानगी हवी, आणि सोडताना त्यातलं नेमकं काय काढायचं, काय तसंच ठेवायचं, हेही आजच लिहून घ्यायचं. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रेचं यंत्र माझं आणि मी ते नेणार, असं स्पष्ट नाव घालून लिही. कॉम्प्रेसर कुठे ठेवणार हेसुद्धा विचार. त्याची घरघर खालच्या किंवा शेजारच्या गाळ्यात गेली की महिन्याभरात तक्रारी येतात.

आता मुदत. दलालानं तुला 'लॉक-इन' कौतुकानं सांगितलं, पण ते कुणासाठी आहे हे तू विचारलंस का? लॉक-इन म्हणजे तेवढा काळ करार मोडायचा नाही. दोघांवर असेल तर ठीक. फक्त तुझ्यावर असेल आणि मालकाला मात्र दोन महिन्यांच्या नोटिशीवर तुला काढता येत असेल, तर तू तिथे पैसे ओतून पाहुणीच राहशील. तू मालकाला बांधून घे आणि स्वतःला एक वाट ठेव. धंदा नाही चालला तर अमुक महिन्यांची नोटीस देऊन बाहेर, अशी. मुदत संपल्यावर करार वाढवून घ्यायचा हक्क तुझा असावा, आणि तेव्हाचं भाडं कसं ठरेल तेही त्यातच असावं. 'परस्पर संमतीने ठरेल' एवढंच लिहिलं असेल तर तो हक्क नावाचाच. जागा विकली तरी करार नव्या मालकावर बंधनकारक राहील, ही ओळ माझ्यासाठी म्हणून तरी घाल. आणि उद्या तुला चालता दवाखाना दुसऱ्या डॉक्टरला द्यावासा वाटला, तर करार त्याच्या नावावर करता आला पाहिजे. नाहीतर विकायला तुझ्याकडे खुर्चीच उरेल.

भाडेवाढीचा आकडा तू 'दरवर्षी पाच टक्के किंवा तीन वर्षांनी पंधरा, एकच' असा सांगितलास. एकच नाही. मी कागदावर मांडून बघितलं. नऊ वर्षांची बेरीज केली तर दरवर्षी 5 टक्क्यांच्या हिशेबात तू पहिल्या वर्षाच्या भाड्याच्या 11.03 पट देतेस, आणि दर तीन वर्षांनी 15 टक्क्यांच्या हिशेबात 10.42 पट. फरक सुरुवातीच्या भाड्याच्या सात महिन्यांहून जास्त. ऐकायला सारखं वाटतं ते वाढ आधी लागते की उशिरा, यावर बदलतं.

तसंच क्षेत्रफळाचं. 1000 चौरस फुटांचं भाडं देशील, पण भिंतीच्या आत, म्हणजे कार्पेट, किती मिळणार? जिना, लॉबी अशा सामायिक जागेचा वाटा त्यात धरतात, ते लोडिंग. 'लोडिंग 30 टक्के' या शब्दांचे दोन अर्थ चालतात. कार्पेटवर 30 टक्के चढवले असतील तर आत 769 चौरस फूट मिळतात. एकूणातून 30 टक्के वजा केले असतील तर 700. मधले 69 चौरस फूट म्हणजे जवळजवळ सात बाय दहाची खोली, तुझी अवजारं निर्जंतुक करायची अख्खी जागा. म्हणून दर विचारायचा तो कार्पेटवर, आणि करारातही कार्पेटच लिहायचं. देखभालीचा खर्च कोणत्या आकड्यावर लावणार तेही बघ. इमारतीची एसी सामायिक असेल तर ती किती वाजता बंद होते हे विचार, कारण तुझे पेशंट ऑफिस सुटल्यावर, संध्याकाळीच येणार.

जागेचा मंजूर वापर दवाखान्याला चालतो का, मंजूर विजेचा भार किती आहे, आधीच्या भाडेकरूची बिलं थकलेली नाहीत ना, आणि जो सही करतोय तोच मालक आहे ना, की स्वतः भाडेकरू असून पुढे देतोय, हे कागद मागून बघायचं. मागताना लाजायचं नाही. आणि ताबा मिळाल्याच्या दिवसापासून भाडं चालू करू नकोस. काम उरकेपर्यंत एक पैसाही आत येणार नाही, तेवढा काळ भाड्याविना माग. तिथे दवाखाना चालवायची परवानगी मिळालीच नाही तर करार रद्द आणि अनामत परत, हेही त्यात असू दे.

फ्लॅटचं मला एवढं भय नाही. आधी दवाखाना पक्का होऊ दे, मग त्याच्या जवळ घर बघ. तोवर कमी मुदतीचं काहीही चालेल. शहर मोठं असलं की आधी घर आणि मग धंदा, असं केलं तर दिवसाचे दोन-तीन तास रस्त्यात जातात. घर बघायला एकदा रात्री जा, दुपारी सगळीच घरं शांत असतात. नळ सोडून बघ. किल्ली मिळाली त्याच दिवशी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या ओलीचे, बेसिनच्या तड्यांचे फोटो काढून मालकाला पाठव, म्हणजे जुनी ओल सोडताना तुझ्या नावावर लागणार नाही. मैत्रिणीबरोबर राहणार असलीस तर एकच गोष्ट विचार: ती मध्येच गेली तर सगळं भाडं तुझ्याकडून मागता येईल असं लिहिलंय का? बहुतेक वेळा तसंच असतं. आणि घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय, देणाऱ्याची ओळख पटल्याशिवाय एक पैसाही पाठवायचा नाही, तो कितीही घाई करू दे.

'आजच टोकन नाही दिलं तर जागा जाईल' असं तो दलाल म्हणतोय ना? जाऊ दे मग. तो तुझा शत्रू नाही, पण त्याचं काम तू सही केल्यावर संपतं आणि तुझं त्यानंतर सुरू होतं. मसुदा मला आणि बाबांना पाठव. बाबा चष्मा पुसून बसलेत, आणि 'मूळ स्थितीत' ही ओळ ते सगळ्यात आधी शोधणार आहेत. मसुदा वकिलालाही दाखवू. खुर्चीच्या किमतीपुढे त्याची फी काहीच नाही.

सोमवारी मी येतेय. दुकानातली जुनी स्टीलची टेप पिशवीत घातली आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत आपण दोघी मिळून मोजू, तू एक टोक धर. तोवर सही करू नकोस.

तुझी,
आई