भंगारात देण्याआधी संगणक उघडून पाहा

संपादक महोदय,

नागपुरात माळ्यावर पडलेले जुने संगणक सर्रास किलोच्या भावाने विकले जातात, हे थांबायला हवे. त्यातले बरेच सुरू होऊ शकतात.

३८६ किंवा ४८६ प्रोसेसरचा जुना संगणक असेल तर लगेच वीज लावू नका. मदरबोर्डवरची (आतल्या मुख्य सर्किट-पाटीवरची) ३.६ व्होल्टची, पिंपाच्या आकाराची बॅटरी आधी पाहा. ती गळते आणि तिचा क्षार तांब्याच्या रेषा खातो. ती काढून हिरवट डाग पांढऱ्या व्हिनेगरने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पावसाळ्यात नीट वाळू द्या.

पेंटियम प्रोसेसरच्या संगणकावर विंडोज ९८ टाकताना एफडिस्कनंतर (हार्ड डिस्कचे भाग पाडणाऱ्या प्रोग्रॅमनंतर) रीस्टार्ट, मगच फॉरमॅट. सीडीवरचे विन९८ फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवून तिथूनच सेटअप चालवा, म्हणजे ड्रायव्हर (संगणकाचे भाग चालवणारे सॉफ्टवेअर) टाकताना दरवेळी सीडी शोधावी लागत नाही.

पण एफडिस्कने सगळे पुसले जाते. आधी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फायली उतरवा आणि फॉन्टही घ्याच. त्या काळचा मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतात, नसे. नेमका तोच फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे-चिन्हे उमटतात. शाळा आणि वाचनालयांनी निदान एवढे तरी करावे.

— एक वाचक, महाल, नागपूर