स्वस्त रायफलीला नावं ठेवण्याआधी दहा गोळ्या मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर नव्या नेमबाजांसाठी आलेला लेख वाचला. लेख कळकळीनं लिहिला आहे, पण त्यातला एक सल्ला मला दोन दिवस डाचतो आहे. स्वस्तातली पॉइंट टू-टू (म्हणजे ०.२२ इंची, लहान गोळीची) रायफल घेतली तर नेम बसणारच नाही, तेव्हा सुरुवातीलाच महागडी स्पर्धेची रायफल घ्या, असं त्यात सुचवलं आहे. हा सल्ला वाचून किती आईवडील मुलांची नावं काढून घेतील, या विचारानं हे पत्र लिहायला बसलो.

मी ३१ वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात अचूक मापाची हत्यारं आणि साचे बनतात त्या विभागात, काम केलं. तिथं एक शिस्त अंगात मुरते, ती म्हणजे मोजल्याशिवाय पार्ट नापास करायचा नाही. नेमबाजीत गेली बारा वर्षं आहे, त्यातली बहुतेक ५० मीटरच्या रेंजवर, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून. आमच्या रेंजवर एक साधी बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीनंतर हातानं खीळ (बोल्ट) मागेपुढे करायची, रायफल आहे. लाकडी दस्ता, बारीक नळी, वजन तीन किलोच्या आत. तिला पोरं ‘तिरळी’ म्हणायची. नवीन येणाऱ्याच्या हातात ती द्यायची आणि गोळ्या पांगल्या की रायफलीला बोल लावायचा, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. माझ्या सतरा वर्षांच्या भाचीच्या वाट्यालाही तीच आली. महिनाभरानं ती रडवेल्या आवाजात म्हणाली, “मामा, तिची नळीच वाकडी आहे. सरांनीही घरी सांगितलंय, हिच्यावर काही होणार नाही म्हणून.”

मी तिला म्हटलं, आपण आधी मोजू.

वारा नव्हता, खांबावरचे झेंडे लोंबत होते. रायफल पुढून आणि मागून पिशव्यांवर टेकवली, दुर्बिणीतून नेम धरला आणि मी स्वतः दहा गोळ्या झाडल्या. सर्वांत लांबच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधलं अंतर, ज्याला नेमबाज ग्रुपचं माप म्हणतात, ५८ मिलिमीटर भरलं. म्हणजे पोरीची तक्रार खरी होती. पण कारण अजून कळायचं होतं.

रेंज ऑफिसरनं ‘बोल्ट उघडा’ची हाक दिल्यावर, चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामं असल्याची खात्री करून मी रायफल टेबलावर उलटी ठेवली. दस्त्याला नळी आणि ॲक्शन (नळीमागचा, बोल्ट बसणारा भाग) धरून ठेवणारे दोन स्क्रू असतात. पुढच्यात ॲलन की घातली आणि दोन बोटांनी हलकेच फिरवून पाहिली. पाऊण फेरा ती काही विरोध न होता गेली. कीचा दांडा बोटात धरून मी भाचीला तो फेरा पुन्हा फिरवायला लावला, कारण ही गोष्ट सांगून पटत नाही, हाताला जाणवावी लागते. स्क्रू सैल असला की प्रत्येक गोळीबरोबर ॲक्शन दस्त्यात केसभर सरकते आणि परत वेगळ्याच जागी बसते. नळी अगदी सरळ असली तरी नेम कुठे तरी भटकतो. निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाला टॉर्क पान्ह्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या पान्ह्यानं, दोन्ही स्क्रू आवळले, दुर्बिणीच्या कड्यांचेही तपासले. पुन्हा दहा गोळ्या. ३४ मिलिमीटर. पाच मिनिटांच्या कामानं ग्रुप निम्म्याच्या जवळ आला, तोही त्याच ‘तिरळ्या’ रायफलीचा.

आता काडतुसांकडे वळतो, कारण खरी मेख तिथंच आहे आणि आपल्या लेखात त्याबद्दल चकार शब्द नव्हता.

पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालापासून चालत आलं आहे. त्याला रिमफायर म्हणतात, कारण पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या मधोमध नसून बुडाच्या कडेच्या पोकळीत भरलेला असतो. फायरिंग पिन त्या कडेवर आदळते, पितळ चेमटतं आणि मसाला पेटतो. कड एकदा चेमटली की ते काडतूस घरी पुन्हा भरण्याची सोय राहत नाही. मोठ्या रायफलीचे नेमबाज स्वतःच्या हातानं तोलून-मापून काडतुसं भरतात, आपल्याला मात्र कारखान्यातून जे येईल त्यावरच भागवावं लागतं. कडेतला मसाला सगळीकडे सारखा पसरला नसेल, शिशाच्या गोळीवरचा मेणाचा लेप कमी-जास्त असेल, तर गोळीचा वेग बदलतो.

वेग बदलला तर किती बिघडतं? मी भाचीला पाठीमागच्या कागदावर हिशेब करून दाखवला. एक गोळी सेकंदाला ३२० मीटर वेगानं निघाली आणि दुसरी ३१० मीटरनं. ५० मीटर जायला पहिलीला ०.१५६ सेकंद लागतात, दुसरीला ०.१६१. तेवढ्या वेळात पहिली सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते, दुसरी त्याहून ८ मिलिमीटर जास्त. हवेचा अडथळा धरला तर आकडे थोडे हलतील, पण फरक त्याच घरातला राहील. नेमबाजानं काही चूक केली नाही, नळी शाबूत आहे, तरी छिद्रं वर-खाली ८ मिलिमीटर फाकली. आपल्या ग्रुपची उंची रुंदीपेक्षा जास्त दिसली की मी आधी काडतुसाच्या खोक्याकडे बघतो.

आम्ही चार प्रकारची काडतुसं आणली. प्रत्येकाच्या आधी नळी कापडानं पुसली आणि नव्या काडतुसाच्या दहा-दहा गोळ्या मोजणीत न धरता झाडल्या, कारण आधीच्या मेणाचा थर जाऊन नव्याचा बसेपर्यंत नळी स्थिरावत नाही. हे न करता दोन काडतुसांची तुलना करणं म्हणजे एका कपात चहावर कॉफी ओतून चव सांगणं.

जास्त वेगाची म्हणून मिळणारी काडतुसं सर्वांत वाईट निघाली, ४१ मिलिमीटर. त्यांची गोळी आवाजापेक्षा जोरात निघते आणि टार्गेटच्या वाटेवर आवाजाच्या वेगाच्या, म्हणजे साधारण सेकंदाला ३४० मीटरच्या, आसपास उतरते. त्या टप्प्यात ती डळमळण्याचा धोका असतो. म्हणूनच स्पर्धेची काडतुसं मुद्दाम आवाजापेक्षा हळू ठेवलेली असतात. साध्या वेगाच्या तीन प्रकारांचे आकडे आले ३१, २४ आणि १७. चाप ओढणारं बोट एकच होतं, नळी एकच होती. नंतर १७ वाल्या काडतुसाचा दुसरा लॉट, म्हणजे कारखान्यातली वेगळी खेप, मिळाला, नाव तेच, खोकं तेच, फक्त झाकणावरचा लॉट क्रमांक वेगळा. त्याचा ग्रुप २६ आला. ईली आणि लापुआ या काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःच्या चाचणी रेंज उभारल्या आहेत. तिथं नेमबाज आपली रायफल घेऊन येतात, तिच्यावर वेगवेगळे लॉट झाडून बघतात आणि तिला मानवेल तोच लॉट विकत घेतात. जगातले अव्वल नेमबाज आपल्या उत्तम रायफलींसाठी एवढं करतात, तर साध्या रायफलीला हाताला येईल ते काडतूस देऊन नापास करणं मला पटत नाही.

१७ मिलिमीटर म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून) कांस्य पदक मिळवलं, ते याच टार्गेटवर. कागदी टार्गेटवर गोळीचं छिद्र रेषेला बाहेरून नुसतं टेकलं तरी वरचा गुण मिळतो आणि गोळीचं माप ५.६ मिलिमीटर धरतात. म्हणजे छिद्राचं केंद्र मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत असेल तर दहा. दुसऱ्या शब्दांत, १६ मिलिमीटरचा ग्रुप मधोमध बसवला तर सहसा दहाच्या दहा गोळ्यांना दहा गुण मिळतात. आमच्या ‘तिरळी’चा ग्रुप १७ चा आहे. वाळूच्या पिशवीवर ती जवळजवळ सगळे दहा देते, आणि महिनाभरापूर्वी तीच मोडीत निघाली होती.

मोजण्याच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण इथं जाणकारही घसरतात. लोक तीन गोळ्यांचं एकच छिद्र झालेला कागद पाकिटात जपून ठेवतात आणि त्यावर रायफलीची महती सांगतात. रायफल आणि काडतूस तेच ठेवलं, तरी तीन गोळ्यांचा ग्रुप दहा गोळ्यांच्या ग्रुपच्या सरासरीनं ६० ते ६५ टक्केच भरतो. यात कुणाचं कौशल्य नाही, गोळ्या कमी म्हणून पसारा कमी. त्यातून पाच कागदांतला सर्वांत चांगला निवडला तर आकडा आणखी फसवा होतो. एकाचा तीन गोळ्यांचा निवडक कागद आणि दुसऱ्याचा दहा गोळ्यांचा प्रामाणिक कागद शेजारी ठेवून महाग रायफल चांगली आणि स्वस्त वाईट असं ठरवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या वर्तमानपत्रात कुठल्याही रायफलीच्या अचूकतेचा आकडा छापताना किती गोळ्या, किती अंतरावर, कागद निवडलेला की ओळीनं आलेले सगळे, एवढं सोबत द्यावं, ही माझी विनंती आहे.

स्वस्त रायफलीच्या उणिवा मी लपवत नाही. आमच्या रायफलीचा चाप अडीच किलोच्या आसपास ओढावा लागतो. रायफल स्वतः तीन किलोच्या आत, म्हणजे तिला उचलायला लागतं जवळपास तेवढंच बळ बोटानं चापावर द्यावं लागतं. पिशवीवर ते खपून जातं, उभं राहून झाडताना नाही. ५० मीटरच्या स्पर्धेत रायफल ८ किलोपर्यंत चालते, ते वजन उगाच नसतं, जड रायफल बोटाच्या धक्क्यानं हलत नाही. महाग रायफलीत पैसा जातो तो हलक्या, स्वच्छ सुटणाऱ्या चापावर, अंगकाठीप्रमाणे मागेपुढे होणाऱ्या दस्त्यावर आणि वजनावर. खेळाडू पुढच्या पायरीवर गेला की त्याला ते लागणार आणि ते द्यायलाच हवं. पण पहिल्या वर्षी मुलाच्या गोळ्या ६० मिलिमीटरमध्ये पांगत असतील आणि रायफल १७ मध्ये मारत असेल, तर उरलेलं अंतर शिकण्याचं आहे. श्वास कधी रोखायचा, चाप सुटल्यावरही नजर टार्गेटवर कशी ठेवायची, हे तिच्यावर उत्तम शिकता येतं.

भाचीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सापडली. दस्ता तिच्या मानानं खाली होता, त्यामुळे दुर्बिणीत बघताना तिचा गाल हवेत राहायचा आणि डोळा दर वेळी वेगळ्या ठिकाणी यायचा. त्यात दुर्बीण १०० मीटरला जुळवलेली. ५० मीटरवर डोळा जरा डावी-उजवीकडे गेला की दुर्बिणीतला क्रॉस (नेम धरायची फुली) टार्गेटवरून सरकताना दिसायचा. दस्त्यावर स्पंजची जाड पट्टी बांधली आणि गाल टेकायची जागा चिकटपट्टी लावून ठरवून दिली. त्या दिवशी तिचे स्वतःचे दहा, पिशवीवरून, २३ मिलिमीटरमध्ये आले. कागद हातात घेऊन ती बराच वेळ बोलली नाही.

प्रशिक्षकांनाही हात जोडून सांगणं आहे. रिमफायर रायफलीत रिकाम्या चेंबरवर चाप ओढायचा सराव मुलांना करू देऊ नका. आत काडतूस नसलं की पिन अनेक रायफलींत थेट चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथं खाच पडते, मग काडतूस नीट बसत नाही आणि निघतही नाही. सरावासाठी खोटी काडतुसं मिळतात. आणि आवाज लहान आहे म्हणून कानावरचं संरक्षण काढू देऊ नका. ही गोळी दीड किलोमीटरच्या वर जाऊ शकते, तेव्हा तिला लहान समजण्याचं कारण नाही.

आमच्या रेंजवर आता प्रत्येक रायफलीला एक वही आहे. कुठला लॉट, किती गोळ्या, किती मिलिमीटर, वारा कसा, स्क्रू कधी तपासले, सगळं तारखेसह. ‘तिरळी’च्या वहीचं पहिलं पान भाचीच्या अक्षरात आहे. १७ वाल्या लॉटची तीन खोकी उरली आहेत, दीडशे गोळ्या. त्यांच्या झाकणांवर तिनं लाल पेनानं ‘फक्त हिच्यासाठी’ असं लिहून ठेवलं आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त टूलरूम कारागीर