टेपखालचा पीळ

संपादक साहेब, नमस्कार,

घरात आग लागली की बातमीत ‘शॉर्टसर्किट’ लिहून मोकळं होतात, पण त्यातले काही प्रकार शॉर्टसर्किट नसतातच, नुसता एक सैल जोड असतो, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे भिंतीतली जुनी वायर अ‍ॅल्युमिनियमची, नंतर एक पॉइंट वाढवला तो कॉपरचा. वायरमनने दोन्ही वायरींना एकत्र पीळ मारला, वर टेप गुंडाळली आणि काही होत नाही म्हणाला. काही वर्षं खरंच काही झालं नाही. मग लाइट फडफडायला लागला, प्लास्टिक जळाल्यासारखा वास यायचा आणि जायचा, एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच, मात्र ढिम्म. शेवटी जोडाचा बॉक्स उघडला तर टेप करपून कडक झालेली, बोट लावलं की तुकडे पडत होते, आत अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पावडर आणि न्यूट्रलचं आवरण वितळून मागे सरकलेलं.

एमसीबी पडणार तरी कसा, तो जास्त करंट बघतो आणि इथे करंट नेहमीचाच होता, गरम होत होता तो जोड. हिशोब करून बघा, जोडात अर्धा ओहम रेझिस्टन्स आला आणि त्यातून 10 अँपिअर गेले की तिथे 10 × 10 × 0.5 म्हणजे 50 वॅट उष्णता, साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं! म्हणजे बंद डब्यात दोन आयर्न चालू ठेवून आपण झोपतो.

अ‍ॅल्युमिनियम तारेला हवा लागली की लगेच ऑक्साइडचा थर धरतो आणि त्यातून करंट जात नाही. शिवाय ती तापल्यावर कॉपरपेक्षा जास्त फुगते, दाबाखाली हळूहळू चपटी होते, त्यामुळे तापणं-थंड होणं चालू राहिलं की पकड सुटत जाते. वर ओल आली तर दोन धातूंची जणू छोटी बॅटरीच होते आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम.

उपाय काही महाग-बिहाग नाही हो, दोन धातू थेट एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत, बस. अ‍ॅल्युमिनियम आणि कॉपर दोन्हीला चालतो असं छापलेला कनेक्टर किंवा टर्मिनल ब्लॉक घ्यायचा, दोन वायरी दोन वेगळ्या स्क्रूखाली, जाड वायरला बायमेटॅलिक लग, म्हणजे एका बाजूला अ‍ॅल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला कॉपर असलेलं जोडटोक. अ‍ॅल्युमिनियमचं टोक घासून लगेच अँटिऑक्सिडंट पेस्ट, म्हणजे ऑक्साइड पुन्हा धरू न देणारी पेस्ट, लावायची. आणि सोलताना ब्लेडचा चरा पडू द्यायचा नाही, तार तिथेच तुटते. जोड बॉक्समध्येच हवा, प्लास्टरखाली गाडलेला नको. हे सगळं मेन बंद करून, टेस्टर लावून बघून, आणि स्वतःला जमत नसेल तर जाणत्या माणसाकडून.

लोक म्हणतात अ‍ॅल्युमिनियम वायरच वाईट, मला ते पटत नाही. योग्य जाडीची असेल तर ती आपलं काम करते, आमची आजही भिंतीत तीच आहे, बदलला तो फक्त जोड. पण त्याच दिवशी शेजारच्या खोलीतला बॉक्सही उघडून बघितला तर तिथेही तोच पीळ, तीच टेप. अजून तीन बॉक्स उघडायचे बाकी आहेत.

आपला,
एक वाचक