समुद्र सिंधुबंदीमुळे गेला नाही

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील सागरी व्यापारावरच्या लेखात, सिंधुबंदीमुळे, म्हणजे समुद्रप्रवासावरच्या धार्मिक बंदीमुळे, आपले व्यापारी समुद्रापासून दूर राहिले आणि टोपीकरांना, म्हणजे युरोपीयांना, तो आयता मिळाला, असा निष्कर्ष काढला आहे. हा समज शाळेच्या पुस्तकापासून व्याख्यानांपर्यंत इतका रुळला आहे की त्याचा प्रतिवाद करणे आवश्यक वाटते.

धर्मशास्त्रात समुद्रप्रवासाला निषेध होता, हे खरेच. पण 1700 च्या सुमारास एकट्या सुरतेच्या व्यापाऱ्यांची शंभरावर जहाजे समुद्रात होती. त्यातला सर्वांत मोठा जहाजमालक मुल्ला अब्दुल गफूर हा बोहरा. त्याच्याआधीच्या पिढीतला वीरजी वोरा हा जैन सावकार. इंग्रजांची सुरतेची वखार त्याच्याकडून व्याजाने पैसे घेई. आलेल्या मिऱ्याचा सगळा साठा एकदम उचलून तो भाव आपल्या हातात ठेवी. जहाजे बहुतेक मुसलमान मालकांची, नाखवे (जहाजाचे कप्तान) आणि खलाशीही बहुधा मुसलमान, आणि भांडवल, दलाली व हुंडी वाण्यांची, अशी ही वाटणी होती. वाणी जहाजावर कमी दिसतो म्हणून तो व्यापारात नव्हता असे समजणे चूक आहे. अरबस्तान-इराणच्या किनाऱ्यावर मोखा, मस्कत, बंदर अब्बास इथे वाण्यांच्या पेढ्या होत्या, आणि माणसे तिथे वर्षानुवर्षे राहत. माल सुखरूप पोहोचला तरच पैसे देणे लागणारी जोखमी हुंडी हे याच लोकांचे साधन. आज विमा जे काम करतो त्यातले बरेचसे ती करी.

मग अडचण कुठे आली? आधी पोर्तुगीजांचा कार्ताझ, म्हणजे जहाजाने जवळ बाळगायचा परवाना, समजून घ्यावा लागेल. 1502 पासून त्यांनी परवान्याशिवाय समुद्रात दिसणारे जहाज पकडायला सुरुवात केली. कार्ताझवर जहाजाचे नाव, नाखवा, भार, तोफा-हत्यारे, निघण्याचे आणि जाण्याचे बंदर लिहिलेले असे. मिरी, शस्त्रे, घोडे अशा मालाला मनाई. परवान्याची फी किरकोळ होती. खरी वसुली पुढे होती, कारण जाता-येता दीवसारख्या पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरावी लागे, आणि परत येण्याबद्दल जामीन द्यावा लागे.

या थांब्याची किंमत वाऱ्याच्या गणितात कळते. सुरतेहून तांबड्या समुद्राकडे जाणारे जहाज मार्चअखेरीच्या आत सुटले पाहिजे, नाहीतर ईशान्येचा वारा संपतो. परतताना नैर्ऋत्येचा जोर ओसरला की ऑगस्टमध्ये निघून सप्टेंबरपर्यंत घर गाठायचे. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्र उघडतो तोच हा काळ. म्हणजे वर्षाला एकच फेरी. जामिनाच्या किंवा तपासणीच्या वादात तीन आठवडे गेले, तर माल तीन आठवड्यांनी नव्हे, वर्षभराने पोहोचतो. दरम्यान कर्जावरचे व्याज महिन्याला शेकडा एक या दराने चढतच असते. जहाज लुटायची गरजच नसे, नुसते अडवले तरी व्यापारी घायकुतीला येई.

आणि परवाना घेतला म्हणजे निभावले, असेही नव्हते. 1613 मध्ये पोर्तुगीजांनी ‘रहीमी’ हे जहाज पकडले. त्याच्याकडे कार्ताझ होता, आणि त्याची मालकीण खुद्द जहांगीर बादशहाची आई. बादशहाने दमणला वेढा घातला, पण समुद्रावर पाठवायला त्याच्याकडे आरमार नव्हते. मोगलांची जमिनीवरची ताकद भरतीच्या रेषेपाशी संपत होती. आमच्या मते दोष शोधायचा तर तो इथे आहे, व्यापाऱ्यांच्या सोवळ्यात नव्हे.

तरीही व्यापारी हटले नाहीत. जकातीचा खर्च त्यांनी मालाच्या किमतीत धरला आणि कापड मोख्याला जात राहिले. त्या बदल्यात येणारी चांदी सुरतेच्या टांकसाळीत पडत राहिली. 1695 मध्ये इंग्रज चाचा हेन्री एव्हरी याने गफूरचे ‘फतेह मुहम्मदी’ आणि पाठोपाठ बादशाही ‘गंज-इ-सवाई’ लुटले, तेव्हाही धंदा थांबला नाही. उलट मोगल अधिकाऱ्यांनी सुरतेच्या इंग्रजांना कैदेत टाकले आणि मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जहाजांना संरक्षण देण्याची जबाबदारी युरोपीय कंपन्यांवर घातली. नुकसान भरून काढण्याचा हा उपाय दिसतो, पण परिणाम उलटा झाला. समुद्रावर रक्षण करायचे ते टोपीकरांनीच, हे आता सरकारी कागदावर आले.

कंबर मोडली ती अठराव्या शतकात, आणि पुष्कळशी घरातल्या कारभाराने. औरंगजेबाने 1665 मध्ये मुसलमान व्यापाऱ्याला अडीच टक्के आणि हिंदू व्यापाऱ्याला पाच टक्के जकात ठरवली होती. 1717 च्या फर्रुखसियर बादशहाच्या फर्मानाने इंग्रज कंपनीला सुरतेत वर्षाला ठोक 10,000 रुपयांवर जकात माफ झाली. हिशेब करून पाहा. पाच टक्क्यांनी दोन लाखांचा माल नेणारा हिंदू व्यापारी एका खेपेला जेवढे भरतो, तेवढ्यात कंपनीचा वर्षभराचा, कितीही लाखांचा माल सुटतो. अशा वेळी देशी व्यापारी आपला माल इंग्रजांच्या नावावर घालणार, हे उघड आहे. 1718 मध्ये अब्दुल गफूर वारला तेव्हा सुरतेच्या अधिकाऱ्याने त्याची मालमत्ता जप्त केली. ती सुटली, पण त्याचा नातू मुहम्मद अली 1733 मध्ये तिथल्याच मोगल अधिकाऱ्याच्या कैदेत मेला. याच काळात इराणात सफवी राज्य कोसळले, गुजरातच्या वाटा मराठे-मोगल लढायांनी अडल्या. शतकाच्या मध्यापर्यंत सुरतेची जहाजे वीसेक उरली. यात सिंधुबंदीचा वाटा कोणता, ते लेखकाने दाखवावे.

कोकणाचा उल्लेख लेखात एका ओळीत, तोही आंग्र्यांना चाचे म्हणून, आला आहे. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. परवान्याचे हत्यार परवान्यानेच परतवायचे, हे या किनाऱ्यावर मराठ्यांनी ओळखले. आज्ञापत्र या मराठी राजनीतीवरच्या ग्रंथात आरमाराच्या प्रकरणातला नियम स्पष्ट आहे. कौल (अभयाचा परवाना) घेतलेल्या सावकाराच्या तरांड्याला, म्हणजे जहाजाला, धक्का लागू द्यायचा नाही. कौल नसलेले परमुलुखी तरांडे बंदरात आणायचे, पण सावकाराला दिलासा देऊन, जकात घेऊन, व्यापाराला लावायचे. मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांचे दस्तक, म्हणजे परवाने, याच पद्धतीतले. कार्ताझ दाखवायला लावणारे सरकार, इंग्रजी पास देणारी कंपनी, मग दस्तक मागणारा मात्र चाचा का?

1713 मध्ये इंग्रजांनी कान्होजींशी तह केला. त्यानंतरच्या भांडणाचे मूळ फार बोलके आहे. कंपनीचे स्वतःचे जहाज सोडायला आंग्रे तयार होते. वाद होता तो इंग्रजी निशाण लावलेल्या, पण देशी सावकाराच्या मालकीच्या जहाजांचा. अशाच एका जहाजावरून, ते कंपनीच्या सुरतेच्या दलालाचे होते, 1717 मध्ये तंटा पेटला आणि इंग्रजांनी विजयदुर्गावर चाल केली. ती फसली. 1718 मध्ये खांदेरीवर चाल केली, तीही फसली. 1721 मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर गेले आणि तिथूनही परतले. पस्तीस वर्षांनी, 1756 मध्ये, विजयदुर्गाखाली आंग्र्यांचे आरमार जळाले तेव्हा जमिनीवरून पेशव्यांची फौज इंग्रजांच्या साथीला होती. 1759 मध्ये सुरतेचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.

आपले,
सागरी व्यापाराच्या इतिहासाचे काही अभ्यासक, रत्नागिरी