पाय शेकायचं यंत्र

चि. राहुलला अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं पाय शेकायचं यंत्र मिळालं. ते मी वापरणार नाही. का, ते फोनवर तुझ्या घाईत नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

मला पाय गार पडल्यासारखे वाटतात हे खरं, पण बाबा हात लावून बघतात तेव्हा ते गरमच असतात. साखरेमुळे नसा खराब झाल्यात, त्यामुळे मेंदूला खोटा निरोप जातो. कंबरेपासून अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या नसा सगळ्यात लांब, म्हणून सुरुवात तळव्यांपासून झाली. बधिरपणा पोटरीपर्यंत चढला आणि मग हातांच्या बोटांची टोकंही बधिर झाली. अशा पायाला चटका बसलेला कळत नाही. गेल्या थंडीत शेजारच्या काकूंनी रबरी पिशवीनं पाय शेकले आणि सकाळी फोड दिसला तेव्हा त्यांना समजलं. ती जखम भरता भरता उन्हाळा आला.

वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बाबतीत हेच दाखवून दिलं होतं. बोटं आपोआप झडत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि पाय गमावतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण यातलं बरंच आपल्या हातात आहे.

म्हणून रोज रात्री दिव्याखाली पाय बघते, बोटांच्या बेचक्यासुद्धा. तळवे बाबा बघतात. चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकते आणि आत डोकावते; चाचपून उपयोग नाही, बोटांनाही खडा लागत नाही. घरातही मऊ एमसीआर रबराची चप्पल असतेच. देवळात दुपारी जात नाही, फरशी तापलेली असते. आंघोळीचं पाणी आधी कोपरानं बघते. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो, कारण पाय जमिनीवर आहेत हे आता डोळेच सांगतात. म्हणून बाबांनी न्हाणीघरात दांडी बसवून घेतली. ब्लाऊजचे हुक लावायला वेळ लागतो. भाकरी मात्र मीच थापते, फक्त तव्यावर उलथणं वापरते. तेवढं माझ्याकडून काढून घेऊ नकोस.

रात्री तळव्यांची आग होते, त्यासाठी गोळी आहे. तिनं आग कमी होते, बधिरपणा जात नाही. जाहिरातीतली तेलं पाठवू नकोस. डॉक्टरांनी बी १२ जीवनसत्त्व तपासलं, ते कमी निघालं. आपण शाकाहारी, त्यात इतकी वर्षं साखरेची मेटफॉर्मिन गोळी; तिनंही बी १२ कमी होतं. इंजेक्शनं चालू आहेत.

आता तुझं. तुझ्या आजोबांना साखर होती, मला आहे, आणि तू दिवसभर खुर्चीत बसून असतोस. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी, दोन्ही तपासून घे. साखर निघालीच, तर डॉक्टरांना पायांचीही तपासणी करायला सांग: नायलॉनचा जाड धागा टोचून बघतात, अंगठ्यावर कंप पावणारा चिमटा ठेवतात. पाच मिनिटांचं काम आहे. मला मुंग्या यायला लागल्या तेव्हा असं कुणी बघितलं नव्हतं.

यंत्र परत करता येत असेल तर कर. त्या पैशात लांब दांड्याचा आरसा आण, म्हणजे बाबा गावाला गेले तरी तळवे मला बघता येतील. आणि दिवाळीला येताना तुझा रिपोर्ट घेऊन ये.

तुझी,
आई