अवोस्का

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही गावी आलो की तू घर आवरायला काढतेस, हे ठाऊक आहे. दाराआडच्या जाळीच्या पिशवीचा फोटो पाठवून विचारलंस, "बाबा, फेकू का?" नको फेकूस.

तिचं नाव अवोस्का. रशियनमध्ये 'अवोस' म्हणजे 'कदाचित, नशिबात असेल तर'. १९८५ साली मी मॉस्कोला शिकायला गेलो, तेव्हा ज्याच्या-त्याच्या खिशात ही असायची, कारण वाटेत कुठे काय हाती लागेल याचा नेम नसायचा. रांग मला नवी नव्हती, लहानपणी रॉकेलचा डबा घेऊन ताटकळलोय. पण तिथे रॉकेलच मिळणार हे तरी पक्कं असायचं. मॉस्कोत लोक आधी रांग धरायचे आणि मग पुढच्याला विचारायचे, "श्तो दायूत?" काय देतायत? 'विकतायत' नव्हे हं, 'देतायत'.

एका डिसेंबरात दुकानात मोरोक्कोची संत्री आली. मी विचारलं, "क्तो पस्लेदनी?" म्हणजे शेवटचं कोण? एका आजीबाईंनी मान हलवली. झालं, त्यांच्यामागे माझा नंबर. त्यांना सांगून मी लेक्चरला जाऊन आलो. परतलो तर मागचे खवळले. आजीबाई एवढंच म्हणाल्या, "हा माझ्यामागे होता." सगळे गप्प! मग वजन करून घ्यायचं, गल्ल्यापाशी दुसरी रांग, तिथली बाई लाकडी मण्यांच्या पाटीवर खटाखट हिशोब करणार, आणि पावती घेऊन पुन्हा पहिल्या ठिकाणी. 'एका हाताला दोन किलो' असा नियम. मला दोन्ही हात पुढे करावेसे वाटले होते.

स्वस्त होतं ना पण, म्हणशील. होतं. मेट्रोला १९६१ पासून १९९१ पर्यंत ५ कोपेकच पडायचे (शंभर कोपेकचा एक रुबल). सरकारने बांधलेला भाव वाढायचा नाही, म्हणून रांग वाढायची. पैशाऐवजी वेळ मोजायचा. दुकानाच्या मागच्या दाराशी ज्याची ओळख, त्याला तोही मोजावा लागत नसे. अशा ओळखीला 'ब्लात' म्हणत; आपला वशिलाच. हे ऐकलं की तुझा काका अजून चिडतो.

पिशवीच्या तळाची एक गाठ सुटलीय, त्यातून लसूण गळतो. येताना बारीक सुतळी आण, मी बांधून देतो.

तुझे,
बाबा