पाककृतीत तेलाचे माप छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत हल्ली पाककृतीखाली ‘एका वाढणीत इतक्या कॅलरी’ असा आकडा येतो. वर साहित्यात मात्र ‘तेल फोडणीपुरते’ एवढेच असते. तेल किती घ्यायचे तेच दिले नाही, तर हा आकडा कशाच्या आधारे काढला?

मी मिरजेत पोळीभाजीचे डबे देते. घेणाऱ्यांत कॉलेजची मुले आहेत, नोकरदार आहेत, साखर वाढल्याने डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेली मंडळी आहेत. मुले खाल्लेले सगळे मोबाइलमध्ये नोंदवतात. ‘काकू, आजच्या भाजीत कॅलरी किती?’ हा प्रश्न नेहमीचा. पोळ्या मोजता येतात, भाताची वाटी मोजता येते. तेल भाजीत मुरते. ते किती पडले हे फोडणी घालणारीलाच ठाऊक.

म्हणून माझी पळी मी औषधाच्या मापाने मोजून घेतली. तिच्यात ३० मिलि, म्हणजे साधारण २७ ग्रॅम तेल मावते. साखरेच्या एका ग्रॅममध्ये ४ कॅलरी, तेलाच्या ग्रॅममध्ये ९. तेव्हा एक पळी तेल म्हणजे जवळजवळ २४५ कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत २,००० कॅलरींच्या आहाराला दिवसभराचे तेल-तूप २७ ग्रॅम धरले आहे. माझी एक पळी म्हणजे एका माणसाचा अख्ख्या दिवसाचा वाटा!

दहा डब्यांच्या फ्लॉवर-बटाट्याला मला तीन पळ्या पुरतात. डब्यामागे सुमारे ७५ कॅलरी नुसत्या तेलाच्या. भरली वांगी करायची तर सहा पळ्या लागतात, की त्या दीडशे झाल्या. शिवाय मसाल्यातल्या दाण्याच्या कुटाचे तेल वेगळेच. मोबाइलमधल्या यादीत दोन्ही ‘एक वाटी भाजी’. आणि पोळीचे तेल कोण धरतो? कणकेत मोहन, घडीला बोट, वरून तूप.

काही जण म्हणतात, आम्ही लाकडी घाण्याचे तेल वापरतो, आम्हाला चालते. घाण्याच्या शेंगदाणा तेलाची चव मलाही प्रिय आहे, पण कॅलरी रिफाइंडइतक्याच. पाकिटावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ लिहिले म्हणूनही त्या कमी होत नाहीत, आणि साजूक तुपाच्याही ग्रॅममागे जवळपास तेवढ्याच.

तेल सोडा असे मी म्हणत नाही. फोडणीशिवाय आमटी मीही करणार नाही. पण आपला अंक घराघरांत कात्रण काढून ठेवला जातो, पथ्यावर असलेली माणसे त्यावर विसंबून जेवण ठरवतात. तेव्हा प्रत्येक पाककृतीत तेल-तूप चहाच्या चमच्याने, म्हणजे ५ मिलिच्या मापाने द्यावे. त्यात ती किती जणांची आहे आणि आकड्यात तेल धरले आहे की नाही, हेही छापावे. तळणीच्या पदार्थांत कढईत घातलेले आणि तळून उरलेले तेल लेखिकेकडून मोजून मागवावे, म्हणजे वड्याने तेल किती प्यायले ते कळेल.

– एक वाचक, मिरज